वाय म्हणजे नर? एका माशाने घेतलेली परीक्षा

लक्षण कसं करावं, हे आपण न्यायशास्त्रात शिकतो. त्यात अव्याप्ती नको, अतिव्याप्तीही नको. आज आपण शाळेत पाठ केलेलं एक लक्षण तपासू या : ‘ज्याच्याजवळ वाय गुणसूत्र, तो नर.’ परीक्षक आहे जपानच्या भातखाचरांत राहणारा, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा मेदाका मासा.

या लक्षणाचं मूळ १९०५ सालचं. अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्याच्या पेशी पाहिल्या. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत एक गुणसूत्र फारच लहान दिसलं. तोच वाय. पुढे संशोधकांचं सारं लक्ष फळमाशीकडे गेलं. तिचा वाय जवळजवळ रिकामा, म्हणून वाय म्हणजे झिजलेला एक्स, असं मत रुजलं. एका प्राण्यावरून सगळ्यांविषयी अनुमान! ही खोड आपल्याला जुनीच आहे.

मग १९२१ साल. जपानमध्ये तात्सुओ आयदा मेदाकांचे रंग तपासत होते. पांढरी मादी आणि तांबडा नर यांच्या पिलांत मुली पांढऱ्या, मुलगे तांबडे निघाले. म्हणजे तांबडा रंग बापाच्या वायवर बसलेला. पण क्वचित एखादा अपवाद निघे, आणि त्याचा अर्थ असा, की रंग वायवरून एक्सवर गेला. म्हणजे दोघांत देवाणघेवाण चालू आहे. वाय रिकामाही नाही, एकटाही नाही.

खरा धक्का १९५३ मध्ये बसला. तोकिओ यामामोतो यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांना स्त्री-संप्रेरक मिसळलेलं खाद्य दिलं. एक्स-वाय असलेली पिलं चक्क माद्या झाली आणि त्यांनी अंडी दिली. बघा, वाय आहे, पण नर नाही : ही झाली अतिव्याप्ती. त्या माद्यांचा संकर साध्या नरांशी केल्यावर दोन वाय असलेले, एक्स मुळीच नसलेले नरही निपजले. माणसात असा जीव जगणार नाही, कारण एक्सवरचे कितीतरी आवश्यक जनुक आपल्या वायने केव्हाच गमावलेत. मेदाकाच्या वायने ते अजून जपून ठेवलेत.

का बरं? कारण तो वाय तरुण आहे. उत्तर मिळालं २००२ मध्ये. नर घडवणारा जनुक सापडला, त्याला डीएमवाय म्हणतात. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची प्रत सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी पहिल्या गुणसूत्रावर जाऊन बसली आणि तेच गुणसूत्र वाय झालं. वेगळेपण किती? सुमारे अडीच लाख अक्षरांच्या तुकड्याएवढं. बाकी एक्स आणि वाय सारखेच. आपला वाय याच्या कितीतरी पट जुना.

आता मेदाकाच्या भाऊबंदांकडे पाहू. फिलिपिन्समधल्या एका जवळच्या जातीत डीएमवाय नाहीच, तिथे नर ठरवायचं काम जीएसडीएफ नावाच्या दुसऱ्याच जनुकाकडे आहे. आणखी एका जातीत ते सॉक्स-३ कडे. पक्ष्यांत तर नराजवळ वाय नसतोच : ही झाली अव्याप्ती. लक्षणाला दोन्ही दोष लागले.

मग टिकतं काय? मंडळी, इथे थोडं थांबू या. अधूनमधून आपण वाचतो, की माणसाचा वाय झिजतोय, एक दिवस पुरुष नाहीसे होणार. माशांचा इतिहास वेगळं सांगतो. अंडकोश घडवणाऱ्या जनुकांची साखळी खाली बरीचशी तीच राहते, फक्त तिला चालना देणारा पहिला जनुक बदलतो. कारभार जुनाच, मुकादम नवा. मुकादम गेला म्हणजे कारभार बुडाला, असं अनुमान आपल्याला करता येणार नाही. आपला मुकादम बदलेलच, असंही नाही. पण ‘नर’ हे नाव एका गुणसूत्राला चिकटवून आपण त्याला सनातन सार मानलं. निसर्गाच्या दृष्टीने ती एक नेमणूक होती.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘हे तर गुणसूत्रातच लिहिलंय’ म्हटलं, तर आपण नम्रपणे विचारू : कुठल्या प्राण्याच्या, आणि केव्हापासून?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.