दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि जे. जे. रुग्णालय

पोटाच्या विकाराचे निदान करण्यासाठी एके काळी पोटच उघडावे लागत असे. सोनोग्राफी व सी. टी. स्कॅन यांचा प्रसार होण्यापूर्वी पोटात पाणी झाले ते यकृताच्या विकाराने, क्षयाने की कर्करोगाने, हे सांगणे निष्णात डॉक्टरांनाही कठीण जाई. वीतभर छेद, दीर्घ विश्रांती, आणि पुष्कळदा हाती एवढेच लागे की शस्त्रक्रियेची गरजच नव्हती! मागावर रोजंदारीने राबणाऱ्याच्या घरी महिनाभराची विश्रांती म्हणजे महिनाभराची उधारी, हे भिवंडीत कोणास सांगावयास नको.

इ. स. १९०१ मध्ये जर्मनीच्या केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिले. या विद्येचा प्रारंभ मुक्या जीवावरील प्रयोगाने झाला, हे विसरता येत नाही. १९१० मध्ये स्वीडनचे याकोबेउस यांनी हीच पद्धत रुग्णांसाठी वापरली.

मुंबईत हे कार्य रुजले ते व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानातून उभारलेल्या व १८४५ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयात. तेथे डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीने निदान करण्यास प्रारंभ केला. बेंबीजवळ लहानसा छेद, पोट फुगविण्यापुरती हवा आणि दिव्याची नळी, एवढ्या सामग्रीवर यकृत डोळ्यांनी दिसे, संशयित भागाचा तुकडाही तपासणीस काढता येई.

पित्ताशय दुर्बिणीने प्रथम काढले ते १९८५ मध्ये जर्मनीच्या म्यूहे यांनी. स्वदेशी मात्र त्यांची उपेक्षाच झाली. १९९० मध्ये डॉ. उदवाडिया यांनी जे. जे. मध्ये ही शस्त्रक्रिया केली. भारतातील ती पहिलीच होय. गरीब देशास हा थाट कसा परवडणार, ही शंका तेव्हा स्वाभाविक होती. डॉक्टरांचे मत नेमके उलट होते: लवकर कामावर परतण्याची निकड गरिबालाच अधिक. विकसनशील देशांतील या शस्त्रक्रियेवर त्यांनी १९९७ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये ते निवर्तले.

अपघात वा चाकूच्या वारातही, रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास, जखम पोटाच्या आतील आवरणापर्यंत पोहोचली आहे काय हे दुर्बिणीने पाहता येते आणि अनावश्यक छेद टळतो. परंतु अंतर्गत रक्तस्रावाने ज्याचा रक्तदाब ढासळत आहे, अशा जखमीचे पोट आजही तातडीने उघडावेच लागते. तेथे लहान छेदाचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.