पेण-रोह्याच्या खतावण्या

पेण आणि रोहे या जुन्या कुलाबा जिल्ह्यातील खाडीकाठच्या पेठांत भाताचा व्यापार ज्या काळी भरभराटीस होता, त्या काळी कुळाची खरी कुंडली जोश्याकडे नव्हे तर खोताच्या आणि सावकाराच्या दप्तरात असे. बाकी किती, गहाण काय, लग्नासाठी उचल कितीची, हे सारे तेथे नमूद असे, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले जाई त्या निरक्षर कुळाला मात्र त्यातले अक्षरही वाचता येत नसे. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने कर्जदाराला हिशेबाचा उतारा देणे बंधनकारक केले, 1949 च्या कायद्याने खोतीही संपविली. परंतु उतारा मिळणे निराळे आणि आपला हिशेब तिऱ्हाइताच्या हाती न पडणे निराळे. ही दुसरी चिंता प्रथम पेढ्यांच्या जगाने वाहिली. रोह्याशी बालपणापासून संबंध असलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना झालेल्या 1955 च्या स्टेट बँक कायद्याच्या 44 व्या कलमाने ग्राहकांच्या व्यवहारांची गुप्तता राखण्याचे बंधन बँकेवर घातले.

मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या कंपन्या तारणाऐवजी ऋणकोच्या दूरध्वनीतील नातलगांचे क्रमांक मागू लागल्या आणि वसुलीसाठी त्यांनाच गाठू लागल्या, तेव्हा सावकाराची वही बरी म्हणावी अशी पाळी आली. ती निदान पेठेतच राहत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 साली खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरविला, तर 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करविण्याचा व पुसविण्याचा हक्क दिला. तो अंकीय माहितीपुरताच असल्याने कागदी खतावणीला, ती संगणकात उतरेपर्यंत, लागू होत नाही.