इतर हक्क

स्वतःची गोष्ट लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, यात काय अवघड? रान आपलं, बैल आपले, आठवणीही आपल्याच. दोनशे पानी वही आणली आणि पहिलं प्रकरण लिहिलं १९७२ च्या दुष्काळाचं.

तेव्हा मी बारा वर्षांचा. विहिरी तळाला गेलेल्या. सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि गावंच्या गावं खडी फोडायला बसली. खायला लाल मिलो, कामावर सुकडी. याच अनुभवातून पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. हे सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, 'मी खडी फोडली. हाताला फोड आले.'

थोरली आक्का माहेरपणाला आली होती. शेंगा फोडत बसली होती, तिला वाचून दाखवलं. तिचा हात थांबला.

"तू कवा फोडलीस रं खडी? तू लिंबाखाली बसून धाकट्याला सांभाळायचास. फोड माझ्या हाताला आलं हुतं."

मी गप्प. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. पण रोज कानावर पडणारा तो हातोडा पन्नास वर्षांत कधी माझ्या हातात आला, ते मलाच कळलं नाही.

मग म्हटलं, आधीच्या माणसांनी हे कसं केलं ते बघावं. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. आपल्याकडं स्वतःबद्दल सांगायची रीत जुनी आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपला जन्म, संसार, सोसणं अभंगात सांगितलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली छापून आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपानं यायला लागली. शाळा न शिकलेली ही बाई ओसरीवर बसून बोलावं तसं लिहिते आणि स्वतःची फजितीही झाकत नाही.

१९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यात शिकलेला दया पवार आणि जुना दगडू पवार समोरासमोर बसतात. माणूस एकच, पण दोघं बोलतात. म्हटलं तर ही कल्पना, पण त्यामुळं खरं जास्त उघडं पडतं. १९८७ ला कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' आली. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या पोराची ती गोष्ट त्यांची स्वतःची, तरी तिला कादंबरी म्हटलं गेलं. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

हे वाचून एक उमगलं. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दाला शब्द कुणाच्याच ध्यानात राहत नाही. ते पुन्हा रचावं लागतं, जुळवावं लागतं. त्यात पाप नाही. बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, अंगावर झूल घालतो, तरी बैल आपलाच असतो. पण शेजाऱ्याचा बैल रंगवून आपल्या दावणीला बांधला, तर ती चोरी. आक्काच्या हातावरचे फोड मी माझ्या दावणीला बांधले होते.

वडील गेले तेव्हा वारस म्हणून आक्काचंही नाव लागलं होतं. भावाचं वाईट दिसू नये म्हणून तिनं कचेरीत जाऊन हक्कसोडावर अंगठा दिला. अंगठा, कारण तिची शाळा दुष्काळात सुटली ती सुटलीच. ती कामावर गेली म्हणून मी दहावीपर्यंत पोचलो. जमिनीतलं तिनं सोडलं आणि मी ते घेतलं. आता आठवणीतलंही हक्कसोड करून घ्यायचं का?

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. जमीन एकाच्या नावावर असली तरी तिच्यावर आणखी कुणाकुणाचा हक्क, बोजा आहे ते तिथं लिहितात. आत्मचरित्रालाही तो रकाना पाहिजे.

ते पान फाडलं नाही. त्यावर काट मारली आणि खाली नवं लिहिलं, 'आक्का खडी फोडायची. मी लिंबाखाली बसून आवाज ऐकायचो. तिच्या हाताला फोड आले.'

पुढच्या खेपेला आक्का आली तेव्हा वाचून दाखवलं. जरा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता बरूबर हाय. पर त्यो लिंब नव्हता, बाभळ हुती."

"अगं, लिंब तूच म्हणाली होतीस."

"म्हणली आसंन."

दोघंही हसलो. वहीत मी दोन्ही झाडं लिहून ठेवलीत.