मातीची चिलीम

मंडळी, सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या घरात आपण गेलात, तर माळ्यावर पितळी समई सापडेल, अडकित्ता सापडेल, पानाचा डबा सापडेल. पण चिलीम सापडेल का? जिच्यावाचून एके काळी पारावरची बैठक पुरी होत नसे, ती वस्तू आज शोधूनही मिळत नाही. असं का झालं, आणि त्यात आपलं काय गेलं, एवढंच आज सांगायचं आहे.

तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती इकडे आणली आणि नावही त्यांचंच राहिलं. तिच्या प्रवासाची एक हकिकत आपल्या मुलखाजवळची आहे. अकबर बादशहाचा वकील असदबेग विजापूरला आला होता. तिथे त्याला तंबाखू भेटली. इ. स. १६०४ च्या सुमारास ती त्याने आग्र्याला नेली आणि तीन हात लांबीची, रत्नं जडवलेली नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. पण हकिमाने हरकत घेतली आणि बादशहा थांबला. सरदार मात्र थांबले नाहीत! म्हणजे ही चीज मोगल दरबाराआधी दख्खनला ठाऊक झाली होती. आणि मिरज, कऱ्हाड, वाई हा मुलूख तेव्हा विजापूरकरांच्याच अंमलात होता. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. त्याचं काय झालं, हे आपल्या डोळ्यांपुढेच आहे.

याच पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानातही पोचली. तिथेही सतराव्या शतकाच्या आरंभी राज्यकर्त्यांनी बंदी घालून पाहिली. लोकांनी ऐकली नाही. जपानी माणसाने आपली निराळी नळी घडवली. तिला ते ‘किसेरू’ म्हणतात. मधे बांबूची कांडी आणि दोन्ही टोकांना धातू. तंबाखू केसासारखी बारीक चिरायची, इवल्याशा वाटीत चिमूटभर भरायची, दोन-तीन झुरके घ्यायचे आणि राख झाडून टाकायची. ज्याची किसेरू त्याच्या कमरेला.

आपली चिलीम याच्या अगदी उलट. ती कुंभाराच्या हातची, धोतऱ्याच्या फुलासारखी वर रुंद, खाली निमुळती. आत एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू खाली उतरत नाही. वर तंबाखू, तिच्यावर गोवरीचा विस्तव. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची आणि दोन्ही हातांच्या मुठीतून धूर ओढायचा. ओठ चिलमीला लागत नाहीत. म्हणून ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरते. ऐपतदाराकडे गुडगुडी असे; तिच्यासाठी तंबाखू गुळात मळून गुडाखू करीत. पण शेतकऱ्याची, धनगराची, गाडीवानाची सोबतीण ही मातीची चिलीमच.

चिलीम फिरे, पण ती सगळ्यांपर्यंत फिरे का? नाही. कोणाच्या हातची चिलीम कोणी घ्यावी, यालाही जातीची कुंपणं होती. काही माणसं त्याच पारापासून दूर, आपली चिलीम वेगळी घेऊन बसत. गावातला जिव्हाळा आणि गावातला दुरावा, दोन्ही या बोटभर मातीच्या वस्तूत भरलेले होते. हे कुठल्या बखरीत वाचायला मिळणार?

माझं आजोळ कृष्णाकाठचं. एके काळी त्या भागातल्या काळ्या रानांत तंबाखू पिके आणि गाड्या भरून जयसिंगपूर-निपाणीच्या पेठांकडे जाई. पुढे पाण्याच्या सोयी वाढल्या, ऊस आला, तंबाखूची रानं आटली. विडी-काडी हाताशी आली आणि चिलीमही मागे पडली. आजोबा गेल्यावर जुनं घर उतरवलं. पितळेची भांडी मामांनी वाटून घेतली. कोनाड्यात आजोबांची चिलीम होती, काळी पडलेली, कडेला टवका गेलेला. मी तेव्हा इतिहासाचा एम. ए. झालो होतो. तरीही मी ती माझ्या हाताने खापऱ्यांच्या ढिगावर टाकली. आज वर्गात ‘साधनांवाचून इतिहास नाही’ असं सांगताना तो ढीग मला दिसतो.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या. त्या आज राजा केळकर संग्रहालयात पाहता येतात. जपानात टोकियोला १९७८ साली तंबाखू आणि मीठ यांचं खास संग्रहालय निघालं. चांदीचा हुक्का सहज टिकतो, कारण त्याला मोल असतं. माती मात्र कोणीतरी मुद्दाम जपावी लागते.

गुरुजी, म्हणून आपल्याला एक विनंती. मुलांना घरी शोधायला सांगा. चिलीम मिळाली, मोडकी मिळाली, तरी शाळेच्या कपाटात ठेवा. शेजारी चिठ्ठी लावा: कोणाची, कुठल्या गावची, कोणी घडवली. ऐंशीच्या घरातले आजोबा-आजी अजून आहेत. पारावर कोण कुठे बसे, हे त्यांना विचारून लिहून घ्या.

आणि हेही मुलांना सांगा, की ही वस्तू पाहण्याची आहे, ओढण्याची नव्हे. तंबाखूने किती छात्या पोखरल्या, हे अकबराच्या हकिमाला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये, असा २००३ चा कायदाच आहे. व्यसन जाऊ द्यावं, त्याचं दुःख नको. पण व्यसनाबरोबर त्या माणसांची खूणही आपण ढिगावर टाकू नये. मी टाकली, आणि ती परत मिळत नाही.