कॉलेजमधील मैत्री, प्रेम आणि संमती : कायदा काय सांगतो?

गावातून, वस्तीतून शहरात शिकायला आलेली आपली मुले-मुली कॉलेजात पहिल्यांदाच मोकळेपणाने एकमेकांत मिसळतात. मैत्री होते, प्रेमही होते. त्यात गैर काहीच नाही. पण शरीरसंबंधातील संमती म्हणजे नेमके काय, हे ना घरात कुणी सांगते, ना वर्गात. सिनेमा मात्र शिकवतो की मुलगी नाही म्हणाली तरी मागे लागत राहायचे. हा समज घातक आहे. म्हणून आवश्यक माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

संमती म्हणजे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या आहे. स्त्रीने शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य रीतीने, त्या विशिष्ट लैंगिक कृतीसाठी स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दाखवलेली तयारी म्हणजे संमती. तिने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा :

- गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. भीतीने माणसाची वाचा बसते.
- एका गोष्टीला होकार म्हणजे पुढच्या सगळ्याला होकार नव्हे. काल होकार होता म्हणून आजचा गृहीत धरू नये. मध्येच नकार आला तर तिथेच थांबावे.
- नशेमुळे आपण कशाला हो म्हणतो आहोत हेच कळत नसेल, तर तो होकार कायद्याने चालत नाही.
- जिवाची किंवा मारहाणीची भीती दाखवून मिळवलेला होकार ही संमती नाही. गुणांचे किंवा पीएचडीचे आमिष दाखवून शरीरसुखाची मागणी करणे हा लैंगिक छळ आहे.
- वय १८ पेक्षा कमी असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार संमती ग्राह्यच नाही. अकरावी-बारावीच्या आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

ही व्याख्या सहज मिळालेली नाही

१९७२ साली आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे प्रकरण 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखले जाते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, अशी कारणे देत त्यांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची स्पष्ट व्याख्या आली.

अॅट्रॉसिटी कायद्यातही संमती आहे

२०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात कलम ३(१)(डब्ल्यू) आले. अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला, ती त्या समाजाची आहे हे माहीत असताना, त्या समाजाबाहेरील व्यक्तीने संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे हा गुन्हा आहे. तिचे पूर्वीचे संबंध, अगदी आरोपीशी असले तरी, संमतीचा पुरावा ठरत नाहीत. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही हा दर्जा आहे. "तुम्ही बौद्ध, तुम्हाला अॅट्रॉसिटी लागत नाही" असे कुणी सांगितले तर ते चूक आहे.

तक्रार कुठे करायची?

यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले ३ विद्यार्थी त्यात हवेत. प्राचार्य, विभागप्रमुख सदस्य होऊ शकत नाहीत. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत द्यावी. योग्य कारण असल्यास समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरील छळाचीही हे नियम दखल घेतात. समितीकडे गेले तरी पोलिसांत जाण्याचा मार्ग खुलाच राहतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे.

कार्यकर्त्यांनो,

समाजाची बदनामी नको म्हणून प्रकरण मिटवू नका. आरोपी आपल्याच संघटनेतला असला तरी नाही. पीडितेचे नाव ग्रुपवर टाकू नका, तो गुन्हा आहे. मुलींना जपून राहा सांगण्याआधी मुलांशी बोला. पंचशीलातील तिसरे शील आपण रोज म्हणतो. दुसऱ्याच्या नकाराचा मान राखणे हे त्याचेच आचरण आहे. आणि उद्याच कॉलेजात विचारा : आपल्या तक्रार समितीवर कोण आहे, आणि त्यांची नावे कोणत्या फलकावर लावली आहेत?