गिअर उशिरा पडतो, सार्जंट!

जानेवारी 1991 संपत आलाय. सौदी अरेबियाच्या उत्तरेत, टॅपलाइन या तेलवाहिनीलगतच्या रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात आणि चक्क कुडकुडताय. वाळवंट म्हणजे उकाडा हा समज इथे पहिल्या पहाटेलाच गळून पडतो. रात्री पाऊस झालाय, बूट चिखलाने जड झालेत, कमरेला गॅस मास्कची पिशवी आहे. रस्त्यावर ट्रकमागून ट्रक धावताहेत. 17 तारखेला इराकवर हवाई हल्ले सुरू झाले आणि अमेरिकेची सातवी आणि अठरावी कोअर पश्चिमेकडे सरकायला लागली. दम्माम बंदरापासून पार रफ्हापर्यंत जाणाऱ्यांना 700 किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवायचा आहे. 24 फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू होईल आणि 100 तासांत थांबेल, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांना एवढंच कळतं की माल डोंगराएवढा आहे आणि ट्रक पुरत नाहीत.

त्यांतलाच एक ट्रक तुमच्यासमोर येऊन थांबतो. एम 923, पाच टनी, सहा चाकांना जोर देणारा. बॉनेटखाली 14 लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, त्यामागे ॲलिसनचा पाच गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या पिढीच्या पाच टनी ट्रकला क्लच दाबून गिअर टाकावे लागत. इथे ते काम तेलाचा दाब करतो.

केबिनमधून विशीतली एक ड्रायव्हर खाली उडी मारते. "गिअर उशिरा पडतो, सार्जंट. गिअरबॉक्स गेला वाटतं."

सार्जंट गाडीकडे वळतच नाही, आधी तिच्याकडे बघतो. "कधीपासून? गार असताना की तापल्यावर? रिकामी असताना की भरलेली?"

"काल चिखलातून काढली तेव्हापासून. सगळीकडेच. पाय हलका ठेवला तरी इंजिन बोंबलत राहतं, मग झटका देऊन गिअर पडतो."

"पाचही पडतात?"

"पडतात. पण उशिरा."

अर्धं निदान इथेच झालंय, आणि ते ऐकण्याने झालंय. लष्करातली असोत की गावातली, बहुतेक वर्कशॉपं हीच पायरी गाळतात. ड्रायव्हरला यंत्र कळत नसेल, पण तासन्‌तास तिचे हात स्टिअरिंगवर असतात. बदल सगळ्यात आधी तिलाच जाणवतो.

हा गिअरबॉक्स दोनच गोष्टी तोलतो. गाडी किती वेगात आहे, हे मागच्या शाफ्टकडून फिरणारा गव्हर्नर तेलाच्या दाबातून सांगतो. ड्रायव्हरने पाय किती दिलाय, हे ॲक्सिलरेटरच्या लिंकेजपासून आलेली मॉड्युलेटरची केबल सांगते. या दोघांच्या ओढाताणीतून गिअर केव्हा बदलायचा ते ठरतं. गव्हर्नर पूर्ण बसला असता, तर गाडी पहिल्यातून वर सरकलीच नसती. ही पाचव्यापर्यंत जाते. तुमच्या काळात असता तर स्क्रीनवर फॉल्ट कोड वाचून मोकळे झाला असता. इथे संगणक नाही. कान, नाक, बोटं आणि तेलाने माखलेलं मॅन्युअल, एवढ्यावर भागवायचं आहे.

"आधी तेल," सार्जंट सांगतो. गाडी सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, इंजिन सुरू. तेल तापल्यावर फुगतं, म्हणून गार तेलाची खूण वेगळी आणि तापलेल्याची वेगळी. गार तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं की दुपारी ते जास्त होतं, गिअर ते घुसळतात, फेस होतो. कमी असलं तर पंप हवा ओढतो. दोन्हींत दाब कोसळतो आणि लक्षणं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. म्हणून डिपस्टिक पुसून दोनदा बघायची. तुम्ही वास घेता: जळका नाही. रंग दुधाळ नाही, म्हणजे कूलरमधून पाणी शिरलेलं नाही. पातळी बरोबर.

तुम्ही स्टॉल टेस्ट सुचवता. ब्रेक घट्ट दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस द्यायची आणि इंजिन किती आरपीएमवर अडतं ते बघायचं. आकडा मॅन्युअलपेक्षा वर गेला तर आत काहीतरी घसरतंय, खाली राहिला तर इंजिनातच जोर नाही. इथल्या धुळीने एअर फिल्टर चोंदणं ही रोजची गोष्ट, आणि दमलेल्या इंजिनाचा आळ गिअरबॉक्सवर येतो. सार्जंट मान हलवतो, पण हात वर करून बजावतो, "मोजून काही सेकंद, बस. मग लगेच न्यूट्रलला घे आणि तेल निवू दे." आकडा मॅन्युअलला जुळतो. इंजिन ठीक, आतले क्लचही ठीक.

आता उरली केबल. इंजिन बंद करून ड्रायव्हर केबिनमध्ये पेडल दाबते, सोडते. तुम्ही चिखलात पाठीवर पडून वर बघताय. दाबल्यावर केबल सरकते, सोडल्यावर अर्ध्यातच थांबते. ओला चिखल आवरणात शिरून वाळलाय. पाय निघाला तरी गिअरबॉक्सला तो दाबलेलाच वाटतो, म्हणून तो जोर लावण्याच्या तयारीत खालचाच गिअर धरून बसतो. झटका त्याचाच.

या निदानाची किंमत समजून घ्या. अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा ठरला असता तर क्रेन लागली असती, वरच्या वर्कशॉपकडे धाव घ्यावी लागली असती, आणि तेवढे दिवस एक ट्रक या रस्त्यावरून कमी झाला असता. रस्त्याच्या त्या टोकाला याच ट्रकांतल्या पाण्याची आणि दारूगोळ्याची वाट बघणारी माणसं आहेत. आणि बिघाड तर गिअरबॉक्सच्या बाहेरच होता!

केबल बदलून, मॅन्युअलप्रमाणे लावून, तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसून चाचणीला निघता. तुमची नजर टॅकोमीटरवर. दुसरा, तिसरा, चौथा. मध्ये एक हलका धक्का बसतो आणि तुम्ही दचकता. तो इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक झाल्याचा, गिअरचा नव्हे. मग पाचवा, हलक्या पायावर, इंजिन न बोंबलता.

परत आल्यावर सार्जंट 2404 नंबरच्या फॉर्मवर दोष आणि दुरुस्ती लिहितो, सही करतो आणि ड्रायव्हरला विचारतो, "काल त्या चिखलातून तुझ्याबरोबर आणखी किती गाड्या निघाल्या?"

ती बोटांवर मोजायला लागते. तुम्ही पाना उचलता.