परळचा पंडुरोग आणि आमवाताचें औषध

इ. स. १९२८ मध्यें लूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांनीं कामास आरंभ केला. गरीब गर्भवती स्त्रियांना, विशेषतः गिरण्यांतून राबणाऱ्यांना, होणारा एक जबर पंडुरोग हा त्यांच्या शोधाचा विषय होता. आज कल्याण-आंबिवलीकडून रेल्वेनें परळास औषधोपचारासाठीं जाणारे आमवाताचे रोगी ज्या गोळ्या घेतात, त्यांची वंशावळ ह्याच शोधापर्यंत पोंचते.

सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या स्त्रियांचें रक्त युरोपांतील ‘पर्निशस ॲनिमिया’ ह्या रोगासारखें दिसे. तांबड्या पेशी थोड्या, पण आकारानें मोठ्या. त्या रोगावर यकृताचा उपाय १९२६ सालीं सांपडला होता. तथापि यकृताचा शुद्ध केलेला अर्क ह्या स्त्रियांना लागू पडेना. विल्सबाईंनीं त्यांच्या आहाराची चौकशी केली, माकडांवर प्रयोग केले, आणि अखेर गुण आला तो मार्माइट ह्या यीस्टपासून केलेल्या खारट, काळपट पदार्थानें. त्याची चव आपल्याकडे फारशी कोणास रुचणार नाहीं. पण तो स्वस्त होता, आणि गरिबाच्या औषधांत हा गुण थोर होय. १९३१ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. दिसण्यांत सारखे असलेले हे दोन रोग मुळांत भिन्न होते. पर्निशस ॲनिमियांत शरीराची संरक्षक यंत्रणाच जठराच्या पेशींवर उलटते व बी-१२ हें जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं; परळच्या स्त्रियांच्या ताटांतच उणीव होती.

शरीर आपल्याच अवयवांवर उलटतें, हें तज्ज्ञांनाही लौकर पटलें नाहीं. शतकाच्या आरंभीं जर्मन पंडित पॉल एर्लिख ह्यांनीं अशा आत्मघातास निसर्ग आळा घालतो असें मांडलें होतें, आणि त्या मताचा दबदबा अर्धशतक टिकला. १९५६ सालीं थायरॉइड ग्रंथीच्या एका विकारांत रुग्णाच्या रक्तांत त्याच ग्रंथीविरुद्ध लढणारीं द्रव्यें लंडनच्या संशोधकांना आढळलीं. अशा कित्येक रोगांत जें नष्ट झालें तें बाहेरून पुरवितां येतें. थायरॉइडचा स्राव गोळीनें, बालमधुमेहांत इन्शुलिन सुईनें. सांध्यांवर उलटणाऱ्या आमवातांत मात्र हल्लाच थोपवावा लागतो.

मार्माइटमधील तें गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत, आंध्रांत जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या हाताखालीं, १९४५ सालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. पुढें तेथेंच त्याचे तोतये घडविण्यांत आले. भाऊसाहेबांच्या तोतयानें जसें कांहीं काळ कित्येकांना चकविलें, तशीं हीं द्रव्यें पेशींना चकवितात व त्यांची वाढ अडवितात. १९४८ सालीं बोस्टन येथें मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्यांचा उपयोग प्रसिद्ध झाला. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या गुबनर ह्यांना त्यांपासून आमवाताच्या रोग्यांनाही आराम पडल्याचें दिसलें. पण तो काळ कॉर्टिसोनच्या वैभवाचा. १९४८ सालीं अंथरुणास खिळलेले रोगी त्यानें चालूं लागले होते, व १९५० चें नोबेल पारितोषिक त्याच्या संशोधकांस मिळालें होतें. गुबनर ह्यांच्याकडे कोणी पाहिलें नाहीं. कॉर्टिसोननें हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते, हें कळावयास वर्षें जावीं लागलीं. ह्याच तोतयांपैकीं मेथोट्रेक्सेटला अमेरिकेंत आमवातासाठीं संमति मिळाली ती १९८८ सालीं.

पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं झालेल्या पाहणींत दर २०० माणसांमागें सुमारें एकास आमवात आढळला. इतक्या घरांत जाणारें हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यानें तोंड सोलवटून, रक्तपेशी घटून माणसें दगावलीं आहेत. तेव्हां डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वार लिहून घेणें इष्ट. रक्ताची व यकृताची तपासणी वेळोवेळीं करावी लागते. गर्भवतीस तें पूर्ण वर्ज्य आहे. आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून निराळ्या दिवशीं जी पिवळी गोळी देतात, ती फॉलिक ॲसिडचीच असते.